फांग मालकाचा बिनमिठाचा रस्सा

ग्रात्स शहरातल्या लेंड भागाच्या बाजारगल्लीत ती बातमी आली तेव्हा अशी होती: 'आमा' कॅफेच्या फांग मालकानं वयाच्या एकसष्टाव्या वर्षी दुकानाच्या वरच्या खोलीत तरणी बायको आणून ठेवली आहे, आणि ती नुकतीच बाळंत झाली आहे.

बातमी आणली पियानो शिकवणाऱ्या, मूळच्या तैवानच्या वू बाईंनी, आणि त्यांचा सगळा पुरावा नाकातला होता. सकाळच्या शिकवणीला जाताना त्या कॅफेच्या मागच्या दारावरून गेल्या आणि जागच्या जागी थबकल्या. काळ्या तिळांच्या तेलात सालीसकट परतलेलं आलं, त्यावर ओतलेल्या तांदळाच्या दारूचा भपकारा, आणि त्यात रटरटणारी गावठी कोंबडी. तैवानच्या कुठल्याही बाईला डोळे बांधून त्या दाराशी उभी करा, ती सांगेल की या घरात बाळंतीण आहे. एरवीही कुणी थंडीत एखाद्या दिवशी असा रस्सा करतं. पण रोज सकाळी, न चुकता, आणि तोही बिनमिठाचा? मीठ घातलेलं नाही हे वू बाईंना वासावरून कसं कळलं ते विचारू नका. ज्याला बातमी हवी असते त्याला सगळं कळतं.

दुपारपर्यंत खाटकानं साक्ष दिली की मालक हल्ली रोज एक कोंबडी नेतो आणि जून कोंबडी दाखवली तर तोंड वाकडं करतो. संध्याकाळपर्यंत समोरच्या केस कापणाऱ्या बाईला वरच्या खिडकीत वाळत घातलेलं झबलंही दिसलं. ग्रात्स शहरात ट्राम उशिरा पोचेल, पण बातमीचा डबा कधी रुळावरून घसरत नाही.

बातमीतली हवा काढली गेर्लिंडेबाईंनी. या बाई जन्मभर एक नंबरची ट्राम चालवून निवृत्त झालेल्या आणि रोज दुपारी 'आमा'त खिडकीजवळच्या टेबलावर जेवणाऱ्या. त्यांच्यासमोर कुणी तो विषय काढला तेव्हा त्यांनी भाताचा चमचा खालीसुद्धा ठेवला नाही.

"वर? वर तांदळाची पोती आहेत. आणि एक सायकल आहे, तिला पुढचं चाक नाही. ती बाळंत झाली असेल तर मला कल्पना नाही. झबलं म्हणताय ते ताटं पुसायचं फडकं. आणि रस्सा जातो मालकाच्या मुलीला, मारियाट्रोस्टला. मीच नेते रोज डबा. झालं समाधान?"

झालं कसलं! गल्लीचं समाधान कधी होत नसतं. खरी गोष्ट कळली तशी दुसरा प्रश्न उभा राहिला: सख्खी मुलगी, पहिली नात, घर ट्रामनं हाकेच्या अंतरावर, मग हा माणूस स्वतः का जात नाही?

आणि त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. गेर्लिंडेबाईंकडेही नव्हतं, आणि तेच त्यांना खुपत होतं.

फांग चिन-श्वेई हा माणूस तसा उघड्या पुस्तकासारखा, फक्त पुस्तकात मजकूर कमी. ऐन पंचविशीत तैवानमधल्या ताइनानहून आला, दुसऱ्यांच्या हॉटेलांत भांडी घासली, नूडल्स ओढल्या, मग ही सहा टेबलांची जागा घेतली आणि पाटीवर लिहिलं 'आमा'. आमा म्हणजे आजी. कुणाची आजी, असं गिऱ्हाइकांनी विचारलं की तो म्हणायचा, "माझ्या मुलीची." म्हणजे स्वतःची आई. पण आईचं नाव दुकानाला दिलं असं सरळ म्हणायला त्याला लाज वाटायची, म्हणून मुलीवरून वळसा.

बायको मुलगी लहान असतानाच वारली. मुलगी, याचिंग, या सहा टेबलांखाली रांगली, दोन नंबरच्या टेबलावर शाळेचा अभ्यास केला, आणि नऊ-दहा वर्षांची असताना तिनं या कॅफेचा सगळ्यात खपणारा पदार्थ शोधून काढला: थंडगार टोफूवर या भागातलं भोपळ्याच्या बियांचं तेल. हे तेल इथे घरोघरी असतं. काळपट हिरवं, दाट, सुवासिक. कोशिंबिरीवर घ्या, टोफूवर घ्या, कुणी तर आइस्क्रीमवरही घेतात. एकच करायचं नाही: तापवायचं नाही. तापवलं की कडू जहर. इथल्या पोरांना हे पाढ्यांच्या आधी येतं, आणि फांग मालकाला तर पुरतं ठाऊक होतं. दरवर्षी गेर्लिंडेबाईंची बहीण गावाहून नवीन तेल पाठवायची, त्यातली एक बाटली मालकाची. ती त्याच्या चुलीशेजारच्या फळीवर, काळ्या तिळांच्या तेलाच्या बाटलीशेजारी उभी असायची. दोन्ही बाटल्या काळ्या, जावा-जावांसारख्या खांद्याला खांदा लावून.

मालक कुणाला 'नमस्कार' म्हणत नसे. दार ढकललं की स्वयंपाकघराच्या झडपेआडून प्रश्न यायचा, "जेवलात?" आता जेवलेला माणूस खानावळीत कशाला येईल? पण त्याचं नमस्काराचं तेच होतं. आणि माणसाची चौकशी तो तोंडाकडे बघून करायचा नाही, उरलेल्या ताटाकडे बघून करायचा. कुणी भात टाकला की समजायचं, नवरा-बायकोचं वाजलंय. कुणी शिजवलेल्या डुकराच्या मटणाचा सगळा रस भातानं पुसून घेतला की समजायचं, पगार झाला. गेर्लिंडेबाईंचं ताट एकदाच भरलेलं परत आलं होतं, नवरा गेला त्या आठवड्यात. दुसऱ्या दिवशी ताटात भात निम्मा होता आणि अंडी दोन होती.

बाह्यांवर तो फुलाफुलांच्या कापडी खोळी चढवायचा, मनगटापासून कोपरापर्यंत, तेल उडू नये म्हणून. त्या त्याच्या आईनं शिवून पाठवलेल्या. गुलाबी मोठी फुलं. गेर्लिंडेबाई म्हणायच्या, "मालक, आज कुठल्या लग्नाला?" आणि तो आतून म्हणायचा, "तुमच्या दुसऱ्या लग्नाला."

तर असा हा माणूस नातीला बघायला जाईना.

डबा स्टीलचा, तीन कप्प्यांचा. सकाळी गेर्लिंडेबाई तो मांडीवर घेऊन एक नंबरच्या ट्राममध्ये बसत. दारूचा वास झाकणातूनही सुटायचा. आता ट्राम चालवणारा पोरगा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. पहिल्या दिवशी त्यानं आरशातून बघितलं आणि म्हणाला, "बाई, निवृत्तीनंतर मजा आहे तुमची. सकाळीच?"

"गाडीकडे लक्ष दे. बाळंतिणीचं आहे."

"हो हो. माझे काकासुद्धा बाळंतिणीचंच घ्यायचे."

डबा नेणं सोपं होतं. तो परत आणणं अवघड. कारण मालक परतलेल्या डब्याची वाट बघत दाराशी उभा असायचा. बाई आत आल्या की "जेवलात?" विचारायच्या आधी झाकण उघडायचा. सुरुवातीला डबा निम्मा रिकामा यायचा. मग पाऊण भरलेला येऊ लागला. एकदा तर कोंबडीचा पाय जसा घातला तसाच.

"मीठ नाही म्हणते ती," गेर्लिंडेबाई सांगायच्या. "आणि बरोबर आहे तिचं. मीठ नाही, म्हणजे काय शिक्षा आहे का?"

"महिनाभर मीठ नाही. अंगावर सूज येते."

"केस धुवायचे नाहीत, गार पाणी प्यायचं नाही, बाहेर पडायचं नाही, रडायचं नाही. आमच्यात एवढ्या अटी तुरुंगात असतात."

"रडायचं नाही, हे मुख्य," मालक म्हणाला. "बाळंतीण रडली की डोळे जातात." आणि तो आत गेला.

खरी गोष्ट मिठाची नव्हती, हे बाईंना ठाऊक होतं. मारियाट्रोस्टच्या त्या घरात दार उघडलं की याचिंग आधी त्यांच्या खांद्यावरून मागे बघायची. जिन्यात कुणी नाही हे दिसलं की तोंड उतरायचं.

"बाबा?"

"दुकान आहे ना गं."

"सोमवारी दुकान बंद असतं, बाई."

गेर्लिंडेबाईंनी जन्मभर ट्राम चालवली. सरळ रुळावरून जायची सवय. वळणं घ्यायला त्यांना जमायचं नाही. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं.

"मला माहीत आहे तो का येत नाही," याचिंग म्हणाली. "लग्न नाही केलं आम्ही. शिवाय सेव्हेरीन धुरांडी साफ करतो. आमच्या वू बाई म्हणे सगळ्यांना सांगतायत, डॉक्टर जावई मिळाला असता."

"वू बाईंना कुणी विचारलंय? अगं, धुरांडीवाला रस्त्यात भेटला तर आपल्याकडे लोक नशीब उघडावं म्हणून त्याच्या खांद्याला हात लावून घेतात. तुझ्या बापाला तो घरबसल्या मिळालाय."

"मग येऊन लावू दे की हात. त्याला सांगा, बाई. महिना भरला की सेव्हेरीनची आई आम्हांला डोंगरात तिच्या घरी नेणार आहे. त्याआधी महिना भरल्याच्या जेवणाला, लाल अंडी वाटायला, बाबा हवा. त्या दिवशी तो आला नाही, तर नंतर त्याला यायची तसदी देणार नाही मी. नात नाही असं समज म्हणावं."

बाईंनी हे जसंच्या तसं सांगितलं. मालक आलं चिरत होता. सुरी थांबली नाही. फक्त आल्याचे काप एकदम कागदासारखे पातळ पडू लागले.

"मालक, अहो, काहीतरी बोला. काय सांगू मी उद्या तिला?"

"सांगा, रस्सा गरम असताना पी."

आता गल्लीला हे सगळं फार नंतर कळलं. पण वाचणाऱ्यांना ताटकळत ठेवण्यात काही पुण्य नाही.

नात जन्मली त्या सकाळी फांगनं ताइनानला आईला फोन लावला आणि दवाखान्यातल्या फोनवरून आलेलं बाळाचं रडणं तिला ऐकवलं. आमा जन्मभर मासळी बाजारात ओरडून मासे विकलेली बाई. तिनं कान देऊन ऐकलं आणि निकाल दिला, "आवाज चांगला आहे. बाजारात चालेल." मग लेकाला फर्मावलं, "तिची आई नाही, सासू परकी. महिना तूच करायचास. आलं सोलू नकोस, गाढवा, गुण सालीत असतो. मीठ घातलंस तर विमानात बसून येईन आणि कान उपटीन. आणि ऐक. मधे काही झालं, अगदी मी मेले, तरी महिना मोडायचा नाही. पोरगी रडता कामा नये."

"काहीतरीच बोलू नकोस, आई."

"म्हातारं माणूस काहीतरीच बोलतं. तू ऐकायचं काम कर."

दोनच दिवसांनी, पहिला डबा घेऊन तो नातीला बघायला जाणार होता त्याच दिवशी, आमा दुपारची झोपली ती उठली नाही. धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा पहिली कोंबडी चुलीवर होती. फांग भिंतीला टेकून खाली बसला. मग उठला, कारण तेल करपायला लागलं होतं.

पुढचं गणित साधं आणि क्रूर होतं. आई गेलेला मुलगा सुतकात. सुतकातल्या माणसानं बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, तान्ह्याला हात लावायचा नाही. आणि का येत नाही हे सांगावं, तर पोरगी रडणार. आजीवर तिचा जीव. म्हणजे जायचं नाही, आणि का जात नाही ते बोलायचंही नाही. याचिंगनं आजीला फोन लावून पाहिला तेव्हा त्यानं निरोप धाडला की आमाचा फोन बिघडलाय, दुरुस्तीला दिलाय. दुरुस्तीला!

ताइनानला जावं, तर इकडे चूल कोण पेटवणार? आणि सुतकातल्या हातचा रस्सा तरी चालतो का? हे विचारायचं कुणाला? असले प्रश्न विचारायचं त्याचं जगात एकच माणूस होतं, आणि तेच गेलं होतं. मग त्यानं आपल्या बुद्धीनं वाट काढली. पपनसाच्या पानांच्या पाण्यानं हात धुवायचे असतात. ग्रात्समध्ये पपनसाची पानं कुठली, म्हणून लिंबाची सालं उकळून त्या पाण्यात रोज हात बुडवले. आईसाठी उजव्या बाहीला तागाच्या जाड कापडाचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा टाचला, आणि त्यावर आईनंच शिवलेली फुलाफुलांची खोळ चढवली. वरून गुलाबी फुलं, आत सुतक. दुकान चालू, पाटीवर 'आमा'. कुणाला काही कळलं नाही.

आमाला निरोप द्यायचा दिवस उजाडला. तिकडे दुपार, इकडे सकाळची चुलीची वेळ. भावानं देवळामागच्या मांडवात फोन उंच धरला, आणि इकडे फांगनं आपला फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. ढोल, सनया, पांढरे-पिवळे कपडे, गुडघ्यांवर सरकत जाणारे भाचे-पुतणे. थोरल्या मुलाची जागा रिकामी. फांग चुलीसमोरच्या फरशीवर गुडघे टेकून बसला, कपाळ टेकलं, उठला. कढई तापली होती. रस्सा थांबवायचा नाही, महिना मोडायचा नाही. डोळे फोनवर, फोनमध्ये काय दिसतंय ते दिसत नव्हतं, हात सवयीनं फळीकडे गेला, बाटली उचलली, तेल ओतलं, आलं टाकलं. धूर झाला. धुराकडे बघायचं भान कुणाला होतं? दारू ओतली, कोंबडी घातली, पुन्हा गुडघे टेकले.

गेर्लिंडेबाई डबा न्यायला आल्या तेव्हा मालक नळाखाली तोंड धूत होता, आणि एका बाहीची खोळ त्यानं काढून ठेवली होती. बाहीला गोणपाटाचा तुकडा टाचणीनं लावलेला.

"मालक, नव्या शर्टावरची किमतीची चिठ्ठी काढायची राहिली," बाई म्हणाल्या.

त्यानं घाईघाईनं खोळ चढवली. रोज तो रस्सा चमचाभर चाखून बघायचा. त्या दिवशी न चाखता झाकण लावलं.

मारियाट्रोस्टला याचिंगनं पहिला चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले. मग वाटीत वाकून बघितलं. रश्श्यावर तरंगणाऱ्या तेलाच्या कडेला हिरवट झाक होती.

"बाई, हा कुणी केला?"

"तुझ्या बापानं. दुसरं कोण करणार?"

"भोपळ्याचं तेल तापवलंय यात."

"छे!" गेर्लिंडेबाईंनी बोट बुडवून चाटलं आणि त्यांचं तोंड सुकलेल्या लिंबासारखं झालं. "अगं बाई गं! तापवलंय की! टाकून दे ते."

याचिंगनं टाकलं नाही. वाटी दोन्ही हातांत धरून ती बसून राहिली. "तो तापवणार नाही. बाई, मी सात वर्षांची असताना चुकून ती बाटली कढईवर धरली तर दुकानभर ओरडला होता तो. तो हे करणारच नाही. त्याला काहीतरी झालंय. तुम्ही रोज बघता. काय झालंय त्याला?"

"काही नाही. जरा गप्प आहे. पण तो बोलका कधी होता?"

"अजून?"

"अजून काय! लिंबाची सालं उकळून ठेवतो. हात धुतो सारखा. आज शर्टाच्या बाहीला गोणपाटाचा तुकडा लावलेला, तो काढायलासुद्धा विसरला होता."

"कुठल्या बाहीला?"

"आता बाही कुठली..." बाईंनी ट्रामच्या केबिनमध्ये बसल्यासारखे दोन्ही हात पुढे धरले आणि आठवलं. "उजव्या."

याचिंगला ताइनानचं अंगण आठवलं. आजोबा गेले तेव्हा ती पहिलीत होती. घरातल्या प्रत्येकाच्या बाहीला काहीतरी टाचलेलं होतं; वडील गेले तर डावीकडे, आई गेली तर उजवीकडे, आणि आमानंच तिला ते समजावलं होतं, मांडीवर घेऊन.

"आमाचा फोन दुरुस्तीला दिलेला नाही," ती म्हणाली.

आणि मग ती रडली. अटी, महिना, डोळे, सगळं बाजूला ठेवून रडली. रडत रडत रस्सा पीत राहिली, चमचा चमचा, तो जहर रस्सा, कोंबडीसकट, आल्यासकट. गेर्लिंडेबाई "अगं नको, अगं पोट बिघडेल" म्हणत राहिल्या आणि शेवटी स्वतःच नाक पुसू लागल्या. डबा असा लख्ख झाला की धुवायची गरज राहिली नाही.

दुपारी सेव्हेरीन कामावरून आला, काळा डगला, काळं तोंड, खांद्यावर दोरी आणि ब्रश. आंघोळीला निघाला होता. याचिंग म्हणाली, "थांब. असाच चल."

जेवणाची गर्दी टिपेला पोचली होती तेव्हा 'आमा'चं दार ढकललं गेलं. झडपेआडून नेहमीसारखा आवाज आला, "जेवलात?"

"जेवले," याचिंग म्हणाली. "रिकामा डबा द्यायला आलेय."

आत काहीतरी फुटलं, बहुधा बशी. झडप धाडकन खाली आली.

"बाबा, बाहेर ये."

"दुकान बंद आहे."

सहा टेबलांवरच्या माणसांनी आपापल्या ताटांकडे बघितलं. पाच नंबरला वू बाई होत्या. त्यांनी मात्र ताटाकडे बघितलं नाही.

"लोक जेवतायत, बाबा."

"त्यांच्यासाठी उघडं आहे. बाळंतिणीसाठी बंद. अजून महिना झाला नाही आणि पोरीला घेऊन गारठ्यात हिंडतेस? अक्कल आहे का? आमा काय म्हणेल?"

याचिंग झडपेजवळ गेली आणि तिनं फळीला कपाळ टेकवलं.

"काही म्हणणार नाही, बाबा. आमा गेली ना."

आत भात शिजायच्या भांड्याचं झाकण खणकलं.

"कुणी सांगितलं?"

"भोपळ्याच्या तेलानं."

"रडलीस?"

"रडले."

"डोळे?"

"आहेत. दाराखालच्या फटीतून तुझ्या चपला दिसतायत मला. डावी उजव्या पायात घातलीयस."

टेबलांवर कुणीतरी हसलं आणि कुणीतरी त्याला कोपरानं ढोसलं. आतून मालक म्हणाला, आवाज पार खाली गेलेला, "घरी जा, पोरी. मी सुतकात आहे. मी तिच्याकडे बघायचं नसतं. पुढं कधी... कधीतरी बघेन मी."

तेव्हा सेव्हेरीन पुढे झाला. स्वयंपाकघराच्या दारावर त्यानं टकटक केली. "बाबा, धुरांड्याची तपासणी. कायद्यानं मला कुठलंही स्वयंपाकघर उघडून घेता येतं. नाही उघडलंत तर मला वर कळवावं लागेल, आणि मला सासऱ्याची तक्रार करायची नाही."

"धुरांडं साफ आहे!"

"आज सकाळी धूर झाला, असं ऐकलंय."

कडी निघाली. सेव्हेरीन वाकून आत शिरला, मागून याचिंग, कुशीत लोकरीत गुंडाळलेलं बोचकं. मालक भिंतीला पाठ लावून, तोंड फिरवून उभा. याचिंगनं सेव्हेरीनचा काजळीनं माखलेला पंजा धरला आणि बापाच्या उजव्या बाहीवर, गुलाबी फुलांवर, बरोबर त्या तुकड्याच्या जागी दाबला.

"तुझ्या बाहीला सुतक, याच्या हाताला काजळी. आपल्या गावी ते लागतं, या गावी हे लागतं. मी दोन्ही गावची आहे. बघू कुणाचं जास्त चालतं."

आणि मालकाला हात मागे घ्यायला सवड न देता तिनं बोचकं त्याच्या हातांत ठेवलं.

बोचक्यानं एक डोळा उघडला. समोरच्या माणसाकडे, शिळा मासा पुढे केल्यासारखं, नाक मुरडून बघितलं. त्याच्या बाहीवरची काजळी तिच्या गालाला लागली होती. मग तिनं तोंड वासलं आणि असा टाहो फोडला की टेबलांवरच्या बश्या खणखणल्या.

"आवाज..." मालक म्हणाला, थांबला, परत म्हणाला. "आवाज चांगला आहे. बाजारात चालेल."

याचिंगला तो शेरा कुणाचा हे कुणी सांगितलं नव्हतं, पण ऐकताक्षणी तिनं ओळखला. ती हसली आणि डोळे पुसले. तिघं-चौघं त्या वितीएवढ्या स्वयंपाकघरात खांद्याला खांदा लावून उभी होती, फळीवरच्या बाटल्यांसारखी. बाहेर गेर्लिंडेबाई सगळ्यांना सांगत होत्या की आज मालकाकडे सुतकही आहे आणि महिन्याचं आगाऊ जेवणही आहे, तेव्हा काय बोलायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं, पण भात संपवल्याशिवाय कुणी उठू नये. वू बाईंनी तर आपली बशी पुसून ठेवली आणि, हे नमूद केलं पाहिजे, तोंडातून एक शब्द काढला नाही.

शेवटी याचिंगनं पिशवीतून डबा काढून चुलीशेजारी आपटला.

"आणि त्या दोन बाटल्या आजपासून लांब लांब ठेव. काय रस्सा होता तो, बाबा! जीभ जळली माझी. इतकं कडू मी जन्मात काही खाल्लं नाही."

मालकानं एका हातानं नात छातीशी धरली, दुसऱ्या हातानं डब्याचं झाकण उघडलं, कप्पा उजेडाकडे वळवून तळापर्यंत बघितलं आणि म्हणाला,

"एवढा कडू होता, तर डबा रिकामा कसा आला?"